निवड समितीतलं पहिलं वर्ष

सार्वजनिक वाचनालय, सर्पमित्रांचा गट, वृद्धाश्रम, कुस्तीची तालीम, देवराई राखणारं तरुण मंडळ आणि विशेष मुलांची शाळा. या सगळ्यांना एकाच गुणपत्रकावर बसवून त्यांतली उत्कृष्ट संस्था कोणती, हे ठरवायचं होतं.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका जुन्या न्यासातर्फे दरवर्षी स्थानिक सेवाभावी संस्थेला पुरस्कार दिला जातो. ५१ हजार रुपये, मानपत्र, शाल-श्रीफळ. गेल्या वर्षी निवड समितीतली एक जागा रिकामी झाली. "बाई, तुमचं आयुष्य गुण देण्यात गेलंय, तुम्हाला काय अवघड," असं म्हणून न्यासाच्या अध्यक्षांनी ती मला दिली. मी हायस्कुलात गणित शिकवते. पेपर तपासताना बरोबर उत्तर काय ते मला आधीच ठाऊक असतं. इथे मुळात प्रश्न कोणता आहे हेच कळेना.

गुणपत्रक शंभराचं होतं. नोंदणी व कागदपत्रं २०, लाभार्थींची संख्या २०, उपक्रमांची विविधता २०, लोकसहभाग २०, सादरीकरण व प्रसिद्धी २०. पहिल्या संध्याकाळी मी ते घेऊन बसले आणि दुसऱ्याच रकान्यात अडकले. वृद्धाश्रमात चौदा आजी-आजोबा राहतात. नेत्रतपासणी शिबिर घेणाऱ्या मंडळाने एका रविवारी सहाशे जणांचे डोळे तपासून घेतले होते. चौदा जणांचं रोजचं औषधपाणी, अंघोळ, रात्रीची उठबस आणि सहाशे जणांची एका दिवसाची तपासणी यांना कोणत्या प्रमाणात गुण द्यायचे? विविधतेच्या रकान्यातही तेच. सर्पमित्र एकच काम करतात. रात्री दोनला फोन आला तरी जातात, साप पकडतात, घरच्यांची भीती घालवतात, साप रानात सोडतात. एका कामाला विविधतेत किती गुण? त्याच रकान्यात वह्यावाटप, रक्तदान, रांगोळी स्पर्धा आणि हळदीकुंकू घेणारं मंडळ सहज पैकीच्या पैकी मिळवत होतं. सर्पमित्रांनी उद्या रांगोळी स्पर्धा घेतली तर ते अधिक चांगले ठरतील का, असं मी बैठकीत विचारलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

कागदपत्रांचं मात्र मला शिकवणारं कुणीतरी भेटलं. समितीत एक काका आहेत. सनदी लेखापालांच्या कार्यालयात त्यांची हयात गेली. महाराष्ट्रात संस्थेची नोंदणी बहुधा दुहेरी असते, हे मला त्यांच्याकडून कळलं. एक १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि दुसरी १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. क्रमांकाआधी 'एफ' दिसलं की ती संस्था, 'ई' दिसलं की धर्मादाय न्यास. कार्यकारिणीत बदल झाला की नव्वद दिवसांत कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. त्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. काका म्हणाले, "बाई, संस्था जिवंत आहे का, हे फोटोवरून कळत नाही. प्रोसिडिंग बुक मागा. सभा खरंच झाली असेल तर त्यात कुठेतरी मतभेद सापडेल. सगळे ठराव एकमताने, एकाच शाईत, एकाच अक्षरात असतील तर ते एका रात्रीत लिहिलेत." त्यानंतर मी इतिवृत्तांत मतभेद शोधू लागले. वाचनालयाच्या वहीत तो सापडला. वर्गणी वाढवावी की नाही यावर तीन सभा वाद चालला होता, आणि शेवटी शाळकरी मुलांची वर्गणी तशीच ठेवून मोठ्यांची वाढवली होती. ही संस्था चालवणारी माणसं एकमेकांशी बोलतात, एवढं त्या तीन पानांवरून मला नक्की कळलं.

ताळेबंदही काकांनीच वाचायला शिकवला. एका प्रस्तावात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं: 'व्यवस्थापन खर्च शून्य'. मला ते फार मोठं वाटलं. काकांनी जमा-खर्चाच्या पानावर बोट ठेवून विचारलं, "मग इथे राबणाऱ्या दोन बायकांना पगार कोण देतं?" मानधन म्हणून वर्षाला जी रक्कम होती, तिला बारानं भागल्यावर मला पुढे वाचवेना. मुलांना भरवणारी, त्यांचे कपडे धुणारी बाई अर्धपोटी ठेवून वाचवलेला पैसा आपण काटकसर म्हणून गौरवायचा का? देणगीदारांनाही हे आवडतं, हे खरं आहे. माझा रुपया थेट गरजूपर्यंत पोचावा, मध्ये कुणाच्या पगारात जाऊ नये, असं आपण सगळेच म्हणतो. पण सेवा करणारं माणूसही पोट भरून घरी गेलं पाहिजे. या मुद्द्यावर मी समितीत कुणाचंही ऐकून घेणार नाही, हे तेव्हाच ठरवलं.

एका गोष्टीचा मला संताप आला, तोही सांगते. बऱ्याच प्रस्तावांत घेणाऱ्यांचे फोटो होते. साडी घेताना मान खाली घातलेल्या म्हाताऱ्या, ताट पुढे केलेली मुलं, आणि प्रत्येक फोटोत मागे हसणारे पदाधिकारी. एका बालगृहाच्या अहवालात तर मुलांचे चेहरे नावांसकट छापले होते, कोण कुठल्या परिस्थितीतून आलं त्या माहितीसह. संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने मनाई केलेली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, त्या मुलीने दहावीला माझ्या वर्गात यावं आणि तिची कहाणी गावभर आधीच पोचलेली असावी, हे मला सहन होत नाही. त्या संस्थेला आम्ही पत्र पाठवलं. पण असे फोटो त्या का जोडतात, याचाही विचार करायला हवा. सादरीकरणाला वीस गुण आम्हीच ठेवले होते.

प्रत्यक्ष जाऊन पाहायचं, असा समितीचा नियम होता. वर्षानुवर्षं तो पाळला गेला नव्हता. मी आग्रह धरला. काकांनी स्कूटर काढली, आणि समितीतल्या डॉक्टरांनी वेळ मिळेल तेव्हा बरोबर यायचं कबूल केलं.

रुग्णसाहित्य केंद्राचा प्रस्ताव एका पानाचा होता, तोही शेजारच्या माणसाने हाताने लिहून दिलेला. जुन्या वाड्याच्या सोप्यालगत दोन खोल्या. घडीच्या चाकाच्या खुर्च्या पत्र्याच्या कपाटाला टेकवलेल्या, वॉकर भिंतीला उंचीप्रमाणे टांगलेले, कमोडच्या खुर्च्या धुऊन अंगणात उन्हाला ठेवलेल्या. फाउलर कॉट एकच शिल्लक होती, बाकीच्या लोकांच्या घरी. एअर बेडचे पंप कापडी पिशव्यांत, पिशवीवर शाईने क्रमांक. काम पाहणाऱ्या वहिनी अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि वही पुढे केली.

लांबट, कापडी पाठीची वही होती. तारीख, नाव, वस्तू, अनामत, परत आल्याची तारीख आणि शेवटी शेरा. मी शेऱ्याचा रकाना वाचत गेले. 'चालू लागले.' 'पुण्याला मुलीकडे नेलं.' 'पंप बंद पडला, रात्री बदलून दिला.' 'गेले.' जिथे 'गेले' लिहिलं होतं, तिथे वस्तू परत यायला बरेच दिवस लागलेले दिसत होते. मी कारण विचारलं.

"तेरावं झाल्याशिवाय आम्ही वस्तू मागत नाही, बाई," वहिनी म्हणाल्या. "त्यानंतरही फोन करत नाही. कुणीतरी घरी जाऊन बसून येतं. मग तेच लोक आणून देतात."

"आणि मधल्या दिवसांत दुसऱ्या कुणाला कॉट लागली तर?"

"मग कराडला, साताऱ्याला ओळखीच्यांकडे विचारतो. एकदा दवाखान्यातनं मागून आणली होती. पण त्या घरी घाई नाही करायची."

अनामतीचंही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. वस्तू आली की पैसे आधी मोजून माणसाच्या हातात द्यायचे. पुष्कळ जण म्हणतात, राहू दे संस्थेला. तेव्हा त्या घेत नाहीत, घरी जा आणि वाटलं तर नंतर या म्हणतात. पावतीपुस्तक टेबलावर नसतं, कपाटात असतं. "समोर दिसलं की माणसाला वाटतं, द्यायलाच पाहिजेत," त्या म्हणाल्या. मी तोवर वाचलेल्या कोणत्याही अहवालात देणगी न घेण्याचा नियम नव्हता.

एअर बेड देताना केंद्रातलं कुणीतरी घरी जातं आणि बेडसोर होऊ नयेत म्हणून रुग्णाला कसं वळवायचं ते करून दाखवतं. वहिनींनी पुठ्ठ्याचं एक घड्याळ दाखवलं. दर दोन तासांच्या आकड्यापुढे चित्र होतं: डावी कूस, पाठ, उजवी कूस. वाचता न येणाऱ्या सासूलाही रात्रपाळी करता यावी म्हणून ते चित्रांत केलं होतं. पुठ्ठ्याच्या कडा हाताळून मऊ पडल्या होत्या. बरोबर आलेले डॉक्टर ते घड्याळ बराच वेळ हातात धरून उभे होते. नंतर ते मला म्हणाले, "आम्ही चिठ्ठीवर 'पोझिशन बदला' असं लिहितो आणि पुढचा पेशंट घेतो."

वस्तू नेलेल्या घरच्यांशी बोलता येईल का, असं मी विचारल्यावर वहिनींनी लगेच नावं दिली नाहीत. आधी त्यांना विचारते, म्हणाल्या. चार दिवसांनी एका घरचा होकार आला. तिथल्या सूनबाईंनी संस्थेची स्तुती अशी काही केली नाही. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की सासूबाई आठ महिने अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही. पुठ्ठ्याचं घड्याळ पलंगाशी टांगलं होतं. शेजारची मुलगीसुद्धा येऊन कूस बदलून जायची.

गुणपत्रकाप्रमाणे या केंद्राला ४१ गुण पडले. कागदपत्रांत सगळ्यात कमी. संस्थापक गुरुजी वारले त्याला तीन वर्षं झाली, पण धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी अजून तेच अध्यक्ष होते. बदल अर्ज कुणी केलाच नव्हता.

माझं म्हणणं, चकचकीत अहवाल देणारे वाईट, असं अजिबात नाही. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ मुळे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या निधीसाठी जाणाऱ्या संस्थांना दर तिमाहीला हिशेब, आकडे, फोटो द्यावे लागतात आणि त्यातून शिस्त येते. विशेष मुलांच्या शाळेचा अहवाल असाच नेटका होता, आणि प्रत्यक्षात शाळा अहवालाहून चांगली निघाली. अडचण होते ती ज्यांच्याकडे लिहिणारं माणूस नाही त्यांची, आणि आमच्या तालुक्यात ते बहुसंख्य आहेत.

स्पर्धा आणि बक्षिसं महाराष्ट्राला नवी नाहीत. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. तपासणी समिती येणार म्हणून गावं रात्रभर जागून झाडलेली मी पाहिली आहेत. त्यातल्या काही गावांत पुढेही तसंच झाडत राहिले आणि काही गावांत समितीची गाडी गेली तशी खराटेही गेले. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६च्या पहिल्या वर्षी पन्नास लाखांचं पहिलं बक्षीस आमच्याच जिल्ह्यातल्या, कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाला मिळालं. त्या स्पर्धेत श्रमदानाला गुण होते, उकरलेली माती घनमीटरमध्ये मोजता येत होती, आणि चर खणला की नाही यावर वाद घालायला जागा नव्हती. मोजपट्टी तिथे परीक्षकाचं काम करत होती, म्हणून लोकांचा निकालावर विश्वास बसला. तेराव्यापर्यंत थांबण्याला मोजपट्टी कुठली लावायची?

हे मी डॉक्टरांशी बोलले तेव्हा त्यांनी गडचिरोलीच्या 'सर्च'चं उदाहरण दिलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ही संस्था उभी केली. नवजात बाळांना घरीच सेवा देण्याचा त्यांचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित बायका ही सेवा देत होत्या, आणि शेजारच्या ४७ गावांत ती नव्हती. दोन्हीकडचे जन्म आणि मृत्यू मोजले. तिसऱ्या वर्षापर्यंत सेवा असलेल्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेत ६२ टक्क्यांनी खाली आला होता. "यातली गंमत पहिल्या आकड्यात नाही," डॉक्टर म्हणाले, "४७ गावांत आहे. आपण नसतो तर काय झालं असतं, हे त्यांनी मोजलं." आमच्या वहिनींकडे किंवा सर्पमित्रांकडे असा अभ्यास कुठून येणार? पण तो प्रश्न मात्र आम्ही उचलला. प्रत्येक ठिकाणी तोच विचारू लागलो: तुम्ही उद्या थांबलात तर कुणाचं काय अडेल?

उत्तरं फार वेगवेगळी आली. शिबिरं घेणाऱ्या एका पदाधिकाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, फारसं नाही अडणार, दुसरं कुणीतरी शिबिर घेईल. वृक्षारोपण करणाऱ्या एका गटाने पाच हजार रोपं लावल्याचं लिहिलं होतं. त्यांतली जगली किती, याची नोंद नव्हती. देवराईवाल्या पोरांनी फक्त एकशे ऐंशी झाडं लावली होती, पण प्रत्येकाच्या दगडी आळ्यावर रंगाने आकडा होता आणि एप्रिल-मेमध्ये कोणत्या आकड्याला कोण पाणी घालणार याची यादी देवळाच्या भिंतीवर लावली होती. वाळलेल्या झाडांचे आकडे त्यांनी खोडले नव्हते. त्यापुढे 'गेलं' असं लिहून पुन्हा त्याच आळ्यात रोप लावलं होतं.

वस्तीतल्या अभ्यासिकेने अर्जच केला नव्हता, तिथे अभ्यास करून नोकरीला लागलेल्या एका मुलाने तिचं नाव सुचवलं होतं. आम्ही गेलो तर चालवणारी मुलं संकोचली. "पुरस्कार नको, सर. वीजबिलाचं कुणी बघेल का?" असं त्यांनी काकांना विचारलं. सत्काराला येण्यापेक्षा त्यांना दरमहा बाराशे-पंधराशे रुपयांची खात्री हवी होती. 'लोकसत्ता' २०११पासून गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' नावाने दरवर्षी दहा संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक त्या संस्थांच्या नावे मदत पाठवतात. तिथे स्मृतिचिन्हापेक्षा कामाची नीट ओळख महत्त्वाची ठरते आणि ती वाचून अनोळखी माणसं पैसे पाठवतात. तालुक्याच्या पातळीवर हे आम्हालाही जमण्यासारखं आहे, असं मला वाटू लागलं.

शेवटची बैठक लांबली. मी मागणी केली, की सादरीकरणाचे वीस गुण काढा, विविधतेच्या जागी सातत्य घ्या, आणि घेणाऱ्यांशी बोलून त्याला गुण द्या. अध्यक्ष म्हणाले, "बाई, अर्ज जुन्या निकषांवर मागवलेत. परीक्षा झाल्यावर तुम्ही प्रश्नपत्रिका बदलता का?" ते बरोबर होतं. मी वाद थांबवला. पुरस्कार विशेष मुलांच्या शाळेला गेला आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. त्या शाळेत मदतनीस बायकांचा पगार बँकेत जमा होतो, भविष्य निर्वाह निधीही भरला जातो. एका वर्गात मी अर्धा तास बसले. एक मुलगा शर्टाचं वरचं बटण लावायचा प्रयत्न करत होता आणि त्या अर्ध्या तासात बाईंनी एकदाही ते त्याला लावून दिलं नाही.

रुग्णसाहित्य केंद्राला मंचावर काही मिळालं नाही. पण काका तेव्हापासून शनिवारी दुपारी तिथे जातात. जुनी इतिवृत्तं काढून त्यांनी बदल अर्ज तयार केला, उशिराच्या माफीचा अर्ज त्याला जोडला, आणि गुरुजींचा मृत्यूचा दाखला मिळवण्यासाठी त्यांच्या मुलाला दोनदा नगरपालिकेत पाठवलं. सुनावणीची तारीख अजून लागायची आहे. अभ्यासिकेचं वर्षाचं वीजबिल डॉक्टर आणि त्यांचे दोन मित्र भरतात.

पुढच्या वर्षीचा अर्ज समितीने माझ्याकडे करायला दिला आहे. तो एका पानाचा आहे आणि हाताने भरला तरी चालेल. घेणाऱ्यांचे फोटो जोडू नयेत, असं वरच छापलंय. नोंदणी अपुरी असेल तर अर्ज बाद न करता ती पुरी करायला समिती मदत करेल, हे काकांनी घालायला लावलं. पगार किती आणि कसा देता, हा माझा प्रश्न. 'तुम्ही थांबलात तर कुणाचं काय अडेल' हा डॉक्टरांचा. कोणती गोष्ट करायची नाही असं तुम्ही ठरवलंय, हाही मी घातलाय. तो वहिनींच्या कपाटातल्या पावतीपुस्तकावरून सुचला. अध्यक्षांचा अजून एका गोष्टीला विरोध आहे. रक्कम तिघांत वाटली तर पुरस्काराचं वजन राहत नाही, असं त्यांचं मत आहे. माझं मत असं, की आमच्या तालुक्यात १७ हजारांत एका केंद्राला नवी फाउलर कॉट येते आणि अभ्यासिकेचं वर्षभराचं वीजबिल जवळजवळ भागतं. जूनच्या बैठकीत मी हा हिशेब कागदावर मांडून नेणार आहे.